जांघेतली खाज मलम थांबवलं की परत का येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय छत्तीस. चार महिन्यांपासून दोन्ही जांघांत खाज. औषधांच्या दुकानातून आणलेलं मलम लावलं की दोन दिवसांत आराम, सोडलं की आठवड्यात पुन्हा सुरू, आणि दर खेपेला चट्टा आधीपेक्षा मोठा. आता अंडकोषांच्या कातडीलाही खाज आणि जळजळ होते. अँटिसेप्टिक साबणाने दिवसातून दोनदा धुऊनही फरक नाही. हे नेमकं काय आहे, कायमचं जाईल का, आणि बायकोला होईल का?

मलमाचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण ‘दोन दिवसांत आराम’ एवढ्यावरून त्यात काय असावं याचा अंदाज येतो. निव्वळ बुरशीमारक मलम इतक्या झटपट खाज घालवत नाही, त्याला आठवडाभर तरी द्यावा लागतो. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव सापडलं तर ते स्टेरॉइड आहे. त्याच्या जोडीला बहुतेक वेळा क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल हे बुरशीमारक आणि नियोमायसिन किंवा जेंटामायसिन हे प्रतिजैविक असतं. एकाच ट्यूबमध्ये तीन औषधं, म्हणजे काही ना काही लागू पडेलच, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब जांघेत उलटा पडतो.

जांघेतल्या अशा खाजेचं नेहमीचं कारण म्हणजे गजकर्ण, कातडीवरच्या बुरशीचा आजार. ही बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात राहते आणि तिथलं केराटिन नावाचं प्रथिन खाऊन जगते. आपल्याला दिसते ती लाली आणि जाणवते ती खाज बहुतांशी शरीर तिच्याशी झगडत असल्यामुळे होते. स्टेरॉइड हा झगडाच थंड करतं. खाज जाते, लाली फिकी पडते, तुम्ही मलम ठेवून देता. बुरशी मात्र जिवंत असते आणि आता तिला अडवणारं कोणी नसल्यामुळे ती सरकत सरकत मांडीवर, नितंबांवर, कमरेवर जाते. स्टेरॉइडचा असर ओसरला की शरीराला ती पुन्हा दिसते, आणि या वेळी जास्त मोठ्या जागेवर. दर खेपेला चट्टा का वाढतो, याचं उत्तर हेच.

त्यात ही जागाही वेगळी. कातडी कातडीवर घासते, ओल अडकते, म्हणजे लावलेलं औषध जणू पट्टी बांधल्यासारखं दाबून आत मुरतं. अंडकोषांची कातडी तर सगळ्या शरीरात औषध शोषण्यात आघाडीवर. 1967 साली हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडवर केलेल्या मोजमापात हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत इथे सुमारे 42 पट औषध शोषलं गेलं होतं. म्हणून तळपायाला चालणारं क्लोबेटासॉल इथे महिनोन् महिने लावलं, तर कातडी पातळ होते, लाल पडते, बारीक शिरा दिसू लागतात, आणि खाजेपेक्षा आग जास्त होऊ लागते. जांघेत पडलेले ताणाचे पट्टे तर कायमचे राहतात. तुमच्या अंडकोषांची जळजळ ही बुरशीपेक्षा मलमामुळे असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तसं वाटण्याचं आणखी एक कारण आहे.

जांघेतलं गजकर्ण साधारणपणे अंडकोषांना सोडून देतं. चट्टा जांघेच्या घडीत सुरू होतो आणि मांडीच्या आतल्या बाजूवर कमानीसारखा उतरतो. त्याची कडा थोडी उचललेली, लालसर, खवले असलेली आणि कधी बारीक पुटकुळ्यांची. मधला भाग मात्र निवळून तपकिरी झालेला. असं चित्र असेल तर आरसा आणि टॉर्च घेऊन घरीही ओळखता येतं. अर्थात स्टेरॉइड लावलेल्या माणसात हे चित्र बिघडतं. कडा पुसट होते, वर्तुळात वर्तुळ दिसतं, खवले नाहीसे होतात, आणि मग डॉक्टरलाही नुसतं पाहून खात्री देता येत नाही. अशा वेळी कडेवरचे खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तपासणी साधी, काही मिनिटांची, आणि दुखतही नाही. चार महिने मलमं बदलण्यापेक्षा ती पहिल्या भेटीत करून घ्यावी. फक्त त्याआधी काही दिवस बुरशीमारक मलम लावू नका, नाहीतर बुरशी असूनही दिसत नाही.

गजकर्ण नसेल तर काय? जांघेतली प्रत्येक खाज बुरशीची नसते.

घडीच्या अगदी तळाशी कातडी मांसासारखी लाल, ओलसर, सोललेली दिसत असेल, आजूबाजूला सुटे लाल ठिपके किंवा पुळ्या असतील आणि अंडकोष किंवा शिश्नाचं टोकही लाल झालं असेल, तर कॅन्डिडाचा विचार करतो. ही यीस्ट जातीची बुरशी, गजकर्णाहून वेगळी. ती दिसली की रक्तातली साखर तपासायलाच हवी. मधुमेह असल्याचं पहिल्यांदा अशा खाजेमुळे कळलेले रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांना नवीन नाहीत. मधुमेह आधीपासून असेल आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन नुकतंच सुरू झालं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि तिच्यावर कॅन्डिडा पोसते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बऱ्याचदा उपचार आणि स्वच्छता एवढ्यावर भागतं.

घडीत सपाट, तपकिरी, बारीक सुरकुतलेला पट्टा, फारशी खाज नाही, आणि बुरशीची औषधं लावून ढिम्म फरक नाही, असं असेल तर तो एरिथ्राझ्मा असू शकतो. हा जिवाणूचा आजार आहे. वुड्स लॅम्पच्या जांभळ्या प्रकाशात तो पोवळ्यासारखा लाल चमकतो, त्यामुळे निदान झटकन होतं. क्लिंडामायसिन किंवा फ्युसिडिक ॲसिड लावून तो जातो.

घडीतला सोरायसिस फसवा असतो, कारण ओलीमुळे त्याचे नेहमीचे पांढरे खवले तिथे दिसतच नाहीत. राहतो तो गुळगुळीत, चमकदार, ठळक कडेचा लाल चट्टा. डोकं, कोपर, गुडघे, बेंबी, नखं पाहिली की धागा सापडतो.

रात्री अंथरुणात पडल्यावर खाज खवळते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, बेंबीभोवती आणि शिश्नावर किंवा अंडकोषांवर टणक खाजऱ्या गाठी, आणि घरात आणखी कोणी खाजवतंय, तर ती खरूज समजा. यात फक्त जांघेला औषध लावून काहीच उपयोग नाही. 5 टक्के परमेथ्रिन मानेपासून तळव्यांपर्यंत, नखांखाली आणि घड्यांतसुद्धा, रात्रभर लावून सकाळी धुवायचं, आणि साधारण आठवड्याने तेच पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो वा नसो. गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर त्यांच्यापुरतं डॉक्टरांना विचारून. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज रेंगाळते. मेलेले किडे कातडीत असतात आणि शरीर त्यांच्यावर चिडलेलं असतं. त्या काळात घाबरून परमेथ्रिन रोज लावणारे लोक कातडी भाजून घेतात. जांघेतल्या केसांत उवा आणि मुळाशी चिकटलेल्या लिखा दिसत असतील तर निदान डोळ्यांनीच होतं. ही लागण बहुधा शरीरसंबंधातून होते, म्हणून बाकीच्या लैंगिक आजारांची तपासणीही सोबत करावी.

आता दोन कारणं, ज्यांकडे रुग्ण सर्वांत कमी लक्ष देतात. पहिलं म्हणजे आपणच लावलेल्या वस्तू. अँटिसेप्टिक साबण, अंघोळीच्या पाण्यात टाकलेलं जंतुनाशक, डिओडरंट, केस काढायचं क्रीम, सुगंधी पावडर, कपड्यांत राहिलेला डिटर्जंट, चड्डीच्या इलॅस्टिकमधलं रबर, इतकंच काय, मलमातलं नियोमायसिनसुद्धा. माणूस खाज आली की जास्त धुतो, जास्त धुतलं की कातडीचा तेलकट संरक्षक थर जातो, आणि खाज वाढते म्हणून तो आणखी धुतो. तुम्ही दोनदा अँटिसेप्टिक साबण वापरताय तो आजच बंद करा. साबण बुरशीला मारत नाही, तुमच्या कातडीला मात्र सोलतो. कोमट पाणी, आणि लागलाच तर बिनवासाचा सौम्य क्लेन्झर, दिवसातून एकदा. वस्तऱ्याने केस काढल्यावर चार दिवसांनी उठणारी खाज आणि पुळ्याही याच वर्गातल्या. आजार जाईपर्यंत वस्तरा नको, केस फार असतील तर कात्रीने बारीक करा.

दुसरं म्हणजे खाजवण्याचीच सवय. अंडकोषांची कातडी जाड, काळपट, सालीसारखी झालेली, रेघा खोल गेलेल्या, आणि खाज येते ती निवांत बसल्यावर, झोपताना किंवा ताण असताना. सुरुवात कशाने झाली ते कधीच संपलेलं असतं, पण खाजवल्याने कातडी जाड होते आणि जाड कातडी पुन्हा खाजवायला लावते. इथे बुरशीमारक औषध फुकट जातं. गंमत म्हणजे इथे स्टेरॉइडचाच उपयोग होतो, पण सौम्य, मोजक्या दिवसांचं, आणि निदान झाल्यावर. नंतर टॅक्रोलिमस या स्टेरॉइड नसलेल्या मलमावर नेतात, कारण त्याने कातडी पातळ होत नाही. पहिले काही दिवस ते झोंबतं, हे रुग्णाला आधी सांगितलं नाही तर तो तिसऱ्या दिवशी ट्यूब फेकून देतो. झोपेत खाजवणाऱ्यांना रात्रीची खाज कमी करणारी, थोडी झोप आणणारी गोळी मदत करते. नखं कापलेली ठेवा.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा: मुळात गजकर्ण, त्यावर मलमाने झालेला गोंधळ, आणि अंडकोषांवर मलम आणि साबण यांनी केलेली जळजळ. तो खरा धरून उपचार सांगतो, पण खवल्यांची तपासणी टाळू नका.

स्टेरॉइड असलेलं मलम बंद करायचं. बंद केल्यावर चार-आठ दिवस लाली आणि खाज उसळते, आणि बहुतेक जण इथेच हरतात; ‘नवीन औषध लागू पडत नाही’ म्हणून जुन्या ट्यूबकडे वळतात. जोरकस स्टेरॉइड बरेच महिने लावलेलं असेल, तर ते कसं उतरवायचं हे डॉक्टरांनी ठरवावं. खाज कमी करायला सेटिरिझिन किंवा लेवोसेटिरिझिनसारखी गोळी, गार पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याचा दहा मिनिटं शेक, आणि अंडकोषांवर साधी पेट्रोलियम जेली, एवढ्यावर ते दिवस काढता येतात.

गजकर्णावर लावायला क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा, किंवा टर्बिनाफिन, सर्टाकोनॅझोल, लुलिकोनॅझोल यांपैकी एक. काय लावता त्याहून कसं लावता हे महत्त्वाचं. दिसणाऱ्या कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. बाहेरून आत लावत या. कातडी पूर्ण कोरडी झाल्यावर, पातळ थर. आणि चट्टा नाहीसा झाल्यावर आणखी निदान दोन आठवडे. इथे मी रुग्णांशी सर्वांत जास्त हुज्जत घालतो. खाज गेली की औषध संपलं, असं प्रत्येकाला वाटतं. पण खाज सगळ्यात आधी जाते आणि बुरशी सगळ्यात शेवटी. मागे राहणारा तपकिरी डाग हा आजार नव्हे. तो महिन्या-दोन महिन्यांत आपोआप फिका पडतो, त्याच्यासाठी काही लावायची गरज नाही.

चट्टे मोठे असतील, अनेक जागी असतील, किंवा आधी स्टेरॉइड लावलेलं असेल, तर नुसत्या मलमाने भागत नाही, पोटातून गोळ्या लागतात. पूर्वी टर्बिनाफिन 250 मिलिग्रॅम रोज, दोन ते चार आठवडे, एवढ्यावर रुग्ण बरा व्हायचा. आता तसं राहिलेलं नाही. ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची गजकर्णाची बुरशी 2020 मध्ये वेगळी प्रजाती म्हणून नोंदली गेली. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर घाव घालतं त्याच्या जनुकात तिच्या बऱ्याच वाणांनी बदल करून घेतले आहेत, त्यामुळे ते औषध तिथे बोथट होतं. अशा वेळी इट्राकोनॅझोल देतात, आणि सहा-आठ आठवडे किंवा त्याहून जास्तही द्यावं लागतं. त्याच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या, ॲसिडिटीची गोळी सोबत नको, कारण पोटात आम्ल नसेल तर औषध नीट शोषलं जात नाही. हृदय कमजोर असेल, यकृताचा त्रास असेल किंवा कोलेस्टेरॉलसाठी सिमवास्टॅटिन चालू असेल, तर आधी सांगायलाच हवं. या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून स्वतः आणून घेण्याच्या नाहीत. आठवडाभर घेऊन सोडलेल्या कोर्सने बुरशी मरत नाही, फक्त मुरब्बी होते.

एवढं करूनही परत येतं तेव्हा मी रुग्णाला मोजे काढायला सांगतो. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पांढरट, भिजल्यासारखी कातडी, तळव्याला कोरडे खवले किंवा जाड पिवळी नखं दिसली, तर जांघेतल्या बुरशीचं मूळ गाव तिथे आहे. चड्डी पायांतून वर ओढताना ती रोज नव्याने जांघेत पोचते. पायांवर उपचार होईपर्यंत आधी मोजे घाला, मग चड्डी. पाय पुसलेल्या टॉवेलने जांघ पुसू नका. सर्वांत बरं म्हणजे जांघेसाठी वेगळा छोटा टॉवेल, रोज धुतलेला.

कपड्यांबद्दल फार सोवळं करायची गरज नाही. सैल, सुती, रोज बदललेली चड्डी. घाम फार येत असेल तर दिवसातून दोनदा. ओली चड्डी किंवा व्यायामाचे घामट कपडे अंगावर वाळू देऊ नका. घट्ट जीन्स काही आठवडे कपाटात राहू द्या. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात पूर्ण वाळवा, शक्य असेल तर इस्त्री फिरवा. घरातल्या सगळ्यांचे कपडे एकाच ढिगात, ओले, रात्रभर पडलेले नकोत. वजन जास्त असेल तर घडीत ओल साचत राहते, आणि वजन उतरल्यावर वर्षानुवर्षांची खाज थांबलेली पाहिली आहे. पण त्याची वाट पाहत औषध लांबवू नका.

पुढची काही लक्षणं दिसली तर मात्र मलमांचा विचार सोडा. अंडकोष किंवा आजूबाजूची जागा अचानक सुजली, दिसतंय त्याच्या मानाने वेदना भयंकर आहे, ताप आहे, कातडी जांभळी-काळी पडतेय किंवा दुर्गंधी येतेय, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा, विशेषतः मधुमेह असेल तर. हा फोर्नियरचा गँगरीन असू शकतो आणि तो काही तासांत पसरतो. दुखरे पाण्याचे फोड किंवा जखमा असतील तर हर्पीस आणि इतर लैंगिक आजार तपासावे लागतात. शिश्नाच्या टोकावर पांढरट चकचकीत डाग आणि पुढची कातडी मागे सरकणं अवघड होत असेल, तर तो लायकेन स्क्लेरोसस असू शकतो. त्यावर उशिरा उपचार केला तर लघवीचा मार्ग आक्रसतो. आणि उतारवयात एकाच बाजूचा लाल चट्टा महिनोन् महिने कशालाच दाद देत नसेल, तर छोटा तुकडा काढून तपासावा. क्वचित तिथे कातडीचा कर्करोग लपलेला असतो.

राहिला बायकोचा प्रश्न. गजकर्ण संसर्गजन्य आहे, त्यामुळे हो, होऊ शकतं. ते लैंगिक आजारांत मोडत नाही, पण कातडीला कातडी लागली, एकच टॉवेल, एकच पांघरूण वापरलं की पसरतं. चट्टे निवळेपर्यंत, म्हणजे उपचाराचे पहिले काही आठवडे, संबंध टाळलेले बरे. निरोध घातला तरी जांघेला जांघ लागतेच. तिच्या जांघेत, कमरेला किंवा स्तनांखाली चट्टा असेल तर दोघांचे उपचार एकाच वेळी सुरू व्हायला हवेत, नाहीतर तुम्ही बरे झाल्यावर महिनाभरात तिच्याकडून तुम्हाला परत मिळेल. मुलं असतील तर त्यांचीही एकदा पाहणी करा. डॉक्टरांकडे जाताना चार महिन्यांत वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या. तुम्ही वर्णन करून सांगाल त्याहून त्यांच्यावरची नावं आम्हाला जास्त सांगतात.